आमची चाळ आणि परिशिष्ट-दोन

“तुम्हाला काय, जागच्या जागी घर मिळालं, तेही फुकट!” हे मला ऑफिसात ऐकवतात, नात्यात ऐकवतात, आणि खोटं त्यात काहीच नाही. भांडुप पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी आमची झोपडी होती, तिथून आत्ताची इमारत हाकेच्या अंतरावर आहे. आईच्या नावावर २६९ चौरस फुटांचा फ्लॅट आहे. सरकारी हिशेबात आम्ही ‘पुनर्वसित’. पण चाळीत चारशेच्या आसपास घरं होती आणि त्यातली आज इथं राहणारी मोजायला बसलं तर निम्म्यावरसुद्धा येत नाहीत. बाकीची बहुतेक कागदावरूनच गेली. तो कागद म्हणजे परिशिष्ट-दोन, घरासाठी कोण पात्र त्याची यादी. तो कसा तयार होतो, कुणाच्या हातातून फिरतो, माणूस त्यातल्या कुठल्या रकान्यात अडकतो, हे मला जवळून पाहायला मिळालं, कारण घरात सरकारी मराठी समजणारी मी एकटीच होते.

वडील परळच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, हे गिरणगावातल्या पोरांना तोंडपाठ असतं. लालबागला आम्ही पोटभाडेकरू होतो. भाडं थकलं, तसं वडिलांनी एका गाववाल्याच्या ओळखीनं भांडुपला जागा धरली. आधी बांबू-पत्रे, मग विटा, मग भाऊ मोठा झाल्यावर वर माळा. जमीन सरकारी. खाली एल.बी.एस. मार्गावर तेव्हा कंपन्यांच्या पाळ्या सुटायच्या, त्यामुळं चाळीत कुणी ना कुणी कायम कामाला तरी निघालेलं असे, नाहीतर कामावरून आलेलं.

शेजारचे नाना मूळचे ट्रॉम्बेच्या जनता कॉलनीतले. १९७६ साली आणीबाणीत ती अख्खी वस्ती उठवून चीता कॅम्पला हलवली, तेव्हा नाना तरुण होते. तिथं मिळालेली जागा विकून ते इकडं आले. “एकदा उठलेल्या माणसाला पाय कुठं ठेवायचा ते कळतं,” म्हणायचे. त्यांनी प्रत्येक पावती जपली होती. विजेचं बिल, रेशनकार्ड, मतदार यादीचा उतारा, सगळं एका पिशवीत आणि ती पिशवी उशाशी. आम्ही हसायचो. पुढं चाळीत सगळ्यात आधी कुणाची पात्रता पक्की झाली असेल तर ती नानांची.

ज्यांना ही झोपडपट्टी पुनर्वसन योजना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९९५ मध्ये युतीचं सरकार आलं ते मुंबईतल्या ४० लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरं देण्याचं आश्वासन देऊन. त्याच वर्षाच्या शेवटी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हणजे एसआरए, स्थापन झालं. सरकारनं स्वतः पैसे घालायचे नाहीत, ही यातली मेख. बिल्डरनं झोपडीवाल्यांना फुकट घर बांधून द्यायचं आणि त्याच्या बदल्यात त्याला विक्रीसाठी बांधकाम करायला मिळायचं. उपनगरात तेव्हा प्रमाण एकास एक, म्हणजे जेवढं आमच्यासाठी बांधेल तेवढंच बाजारात विकायला. धारावीत त्याहून जास्त, शहरात कमी. अट अशी की झोपडी १ जानेवारी १९९५ च्या आधीची हवी आणि वस्तीतल्या ७० टक्के पात्र लोकांची संमती हवी. हे टक्के पुढं ५१ वर आले.

म्हणजे बिल्डरला वस्ती हवीच असते, कारण वस्तीशिवाय एफएसआय, म्हणजे जागेवर जास्तीचं बांधकाम करायची परवानगी, नाही. पण वस्तीतली सगळी माणसं त्याला कशाला हवी असतील? मला हे कळायला बराच काळ गेला. चाळीतल्या बायकांना माझ्याआधी कळलं होतं. “लग्न पोरीशी, डोळा शेतावर,” असं आमच्या काकी पहिल्याच सभेत पुटपुटल्या होत्या.

ती पहिली सभा २००७ ची. कमिटी आधीच तयार होती. मुख्य प्रवर्तक, सचिव, खजिनदार, सगळी गणपती मंडळातली पोरं. बिल्डरनं मांडव घातला, खुर्च्या आणल्या, एक रंगीत चित्र लावलं. चित्रात कारंजं होतं. आमच्या डोंगरावर मार्चपासून पाण्याची बोंब असायची, त्यामुळं कारंज्यावर लोकांचा डोळा बराच वेळ राहिला. त्याच आठवड्यात संमतीपत्रावर सह्या सुरू झाल्या. आईनं अंगठा दिला. दबाव होता का? धमकी कुणी दिली नाही. फक्त “सगळे देतायत, तुमच्यामुळं अडायला नको” एवढंच म्हणायचे, आणि चाळीत एवढं पुरतं.

मग सर्वे. दारावर रंगानं नंबर टाकणारा माणूस आला, मागोमाग टेप घेऊन दुसरा. आमचं खालचं घर साधारण १८० फूट, वरचा माळा तेवढाच. माळ्यावर भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं. त्यांचं रेशनकार्ड वेगळं, गॅस वेगळा, चूल वेगळी. सर्वेवाल्यानं मान वर करून माळ्याकडं पाहिलं आणि काही लिहिलं नाही. मी विचारलं, “वर एक कुटुंब राहतं, ते?” म्हणाला, “ताई, वरचं धरत नाहीत. एक झोपडी, एक घर.” नियमच तसा आहे, तळमजल्याचं बांधकाम तेवढं मोजतात. दोन संसार मिळून आम्ही ३६० फुटांत राहत होतो आणि मिळणार होते २६९, तेही एकाच्याच नावावर. आधी तर २२५ च होते. २००८ मध्ये सरकारनं २६९ केले, म्हणजे आम्ही नशीबवान. नवीन योजनांना आता ३०० मिळतात.

आमच्या गल्लीत दर चौथ्या-पाचव्या घरात भाडोत्री होते. नियमाप्रमाणं जो प्रत्यक्ष राहतो तो झोपडीधारक. पण भाडोत्री अकरा महिन्यांवर, आज इथं उद्या तिथं. १९९५ चा कागद त्यांच्याकडं कुठून येणार? सर्वेच्या दिवशी घरमालक गावाहून, सुनेच्या घरून, कुठून कुठून येऊन दारात उभे राहिले आणि भाडोत्र्यांना दिवसभर बाहेर फिरायला पाठवलं. एक नर्सबाई रात्रपाळी करून आली होती. ती दुपारपर्यंत देवळाच्या कट्ट्यावर बसून होती. तिचं नाव कुठल्याच यादीत आलं नाही, अपात्रांच्यासुद्धा. ती गेली त्याची नोंद कुठंच नाही.

परिशिष्ट-दोन म्हणजे पात्रतेची यादी. सक्षम प्राधिकारी ती करतो. जमीन ज्याची, त्याप्रमाणं हा अधिकारी वेगवेगळ्या खात्याचा असतो. मोठ्या आडव्या कागदावर रकाने असतात: अनुक्रमांक, झोपडीधारकाचं नाव, वापर निवासी की अनिवासी की संयुक्त, क्षेत्रफळ, १९९५ च्या मतदार यादीतला क्रमांक, सादर केलेले पुरावे, आणि शेवटी शेरा. पात्र किंवा अपात्र. चाळीतली माणसं ते वाचायला मंडळाच्या फलकापाशी जमली तेव्हा दहावीच्या निकालासारखी गर्दी होती. तिसरा हिस्सा तरी अपात्र निघाला.

आमच्या नावापुढं ‘अपात्र – पुरावा विसंगत’. वडील २००३ मध्ये गेले होते. १९९५ च्या यादीत त्यांचं नाव होतं, पण आडनावात एक अक्षर चुकलेलं आणि घर क्रमांक शेजारच्या गल्लीचा. रेशनकार्डावर बरोबर, वीजबिलावर फक्त आद्याक्षरं. तीन कागदांवर तीन वेगळी माणसं. आई म्हणाली, “अगं पण आपण तर इथंच आहोत ना.” मी तिला समजावलं की आपण इथं आहोत हे सगळ्यांना दिसतं, पण दिसण्याला कागदाची किंमत नाही.

हरकतीला मुदत असते, त्या मुदतीत अर्ज दिला. वडिलांचा मृत्यूदाखला, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, माझा शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर भांडुपचा पत्ता. शाळेच्या दाखल्यानं काम झालं असं मला वाटतं, कारण सुनावणीला बसलेल्या बाईंनी तोच दोनदा उलटसुलट करून पाहिला. म्हणजे मुलगी शाळेत गेली म्हणून घर राहिलं. ज्या घरातली पोरं शाळेत गेली नव्हती त्यांनी काय दाखवायचं? आमच्या मागच्या ओळीत कचरा वेचणाऱ्या बायकांची घरं होती. आमच्याइतकीच जुनी. त्यांच्याकडं वीजमीटर नव्हता, शेजाऱ्याकडून वायर घेऊन महिन्याला पैसे द्यायच्या. मतदार यादीत नावं होती नव्हती. त्यांच्या ओळीला बहुतेक सगळीकडं ‘अपात्र’. चाळीत आधीपासून ती ओळ वेगळीच होती, त्यांच्याकडं कुणी चहा प्यायचं नाही, हेही सांगायला हवं. त्यामुळं ती गेली तेव्हा गलका झाला नाही. पोलिसांच्या गाड्या आल्या त्या एकदाच, त्याच ओळीसाठी. झोपडपट्टी अधिनियमातली ३३ आणि ३८ ही कलमं नोटिशीवर छापलेली होती.

अपील करता येतं. आधी अपर जिल्हाधिकाऱ्यांकडं, त्यावर तक्रार निवारण समितीकडं. पण दर तारखेला खाडा पडतो आणि वकील पैसे मागतो. टेलरमामांनी अपील केलं. त्यांची झोपडी नाल्याच्या कडेला, १९९८ मध्ये उभी केलेली, पुढं दुकान मागं घर. अख्ख्या चाळीचे गणवेश त्यांनी शिवले. त्यांचं म्हणणं सरळ होतं, “मी लपूनछपून राहिलो नाही, दुकानाचा गुमास्ता परवाना आहे, कर भरतोय.” उत्तरही सरळ होतं: तारीख १ जानेवारी १९९५ आहे.

या तारखेबद्दल मला कायम राग येतो. पदपथावर राहणाऱ्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. अंतुले मुख्यमंत्री असताना १९८१ मध्ये त्यांना हटवायचं फर्मान निघालं होतं, त्यावरचा. १९८५ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, माणूस शहरात कामाच्या जवळ राहतो म्हणून जगतो. पुढं त्याच निकालात, रीतसर नोटीस देऊन हटवायला हरकत नाही, असंही आहे. मी तो निकाल मराठीत समजावून घेतला तेव्हा वाटलं, की पहिलं वाक्य टेलरमामांचं आणि दुसरं अधिकाऱ्यांचं, आणि दोघंही एकाच कागदावर बोट ठेवतात.

२०१२ च्या उन्हाळ्यात घरं रिकामी केली. संक्रमण शिबिर नव्हतं, भाडं मिळणार होतं. महिन्याला आठ हजार, अकरा महिन्यांचे चेक एकदम. बिल्डरच्या माणसानं सांगितलं, तीन वर्षांत चावी.

आठ हजारांत भांडुपला खोली मिळते, पण डिपॉझिट कोण देणार? आणि एकाच महिन्यात अडीच-तीनशे कुटुंबं खोल्या शोधायला निघाल्यावर एजंटांनी भाव चढवले. एजंट आधी आडनाव विचारायचा. मग, “नॉनव्हेज खाता का?” मग, “माणसं किती?” इमारतीतल्या सोसायट्यांनी आमच्यासारख्यांना दारातून परत पाठवलं आणि मुसलमान शेजाऱ्यांना फोनवरच. पिठाच्या गिरणीवाले चाचा महिनाभर वणवण करून शेवटी मुंब्र्याला गेले, जिथं ९२-९३ च्या दंगलीनंतर त्यांच्या बहिणीचं कुटुंब गेलं होतं. चाळीत आमची भिंत त्यांच्या भिंतीला चिकटून होती. त्या तीन वर्षांत, म्हणजे पुढं नऊ झालेल्या, जो तो आपापल्या माणसांत गेला. चाळ मिश्र होती ती कुणाच्या थोर विचारांमुळं नव्हे. जागा मिळेल तिथं प्रत्येकजण घुसला होता म्हणून ती मिश्र होती. भाड्याच्या बाजारात तशी सोय नसते.

भाऊ माळ्यावरचा, त्याला भाडं लागू नव्हतं. आठ हजारांत दोन संसार होणार नाहीत हे दोन महिन्यांत कळलं आणि तो दिव्याला गेला. दिवा म्हणजे मुंब्र्याच्या पुढचं स्टेशन. सकाळी तिथं लोकलमध्ये शिरणं काय असतं ते शिरणाऱ्यालाच विचारावं. मुलांची शाळा वर्षाच्या मध्ये बदलली. आम्ही आधी कांजूरला, मग भाडं परवडेना तसं डोंबिवलीला. आई चार घरी पोळ्या करायची, सगळी घरं भांडुपची, पायी जायची. डोंबिवलीहून सहाला पोळ्या लाटायला कोण येणार? वीस वर्षांची घरं एका महिन्यात सुटली. या नुकसानीचा रकाना परिशिष्ट-दोनमध्ये नाही.

भाडं चौथ्या वर्षी बंद झालं. चेक परत यायला लागले. जागेवर खांब उभे, त्यावर सळ्या गंजलेल्या, आणि पावसात खड्ड्यात पोरं पोहायची. बिल्डर म्हणे पैसे अडकलेत. अधिनियमाच्या कलम १३(२) खाली विकासक बदलता येतो, हे मी सभेत वाचून दाखवलं. कमिटीतल्या एकानं विचारलं, “ताई, बदलला आणि नवीन आलाच नाही तर?” त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, कुणाकडंच नव्हतं. शेवटी मूळ बिल्डरनं दुसरा पैसेवाला भागीदार आणला. काम सुरू झालं, पण पहिली उठली ती विक्रीची इमारत.

चाव्या २०२१ मध्ये. करोनामुळं लॉटरी मंडपात थोडे थोडे लोक बोलावून केली. डब्यात चिठ्ठ्या. आईला नववा मजला आला. नियमानं घर नवरा-बायको दोघांच्या नावानं होतं, आमच्याकडं वडील नसल्यानं आईच्या एकटीच्या. चाळीतला शेजार जपायचा असं कुणी म्हणालं, पण चिठ्ठीला शेजार कळत नाही. नाना तोवर वारले होते. त्यांची पिशवी घेऊन मुलगा आला होता.

लॉटरीत एक गोष्ट अशी झाली की त्यावर मी अजून विचार करते. आमची पात्र कुटुंबं कमी आणि इमारतीतली घरं जास्त. हिशेब लागेना. कुणीतरी सांगितलं तेव्हा कळलं: योजनेला दर हेक्टरी ठरावीक घरांची किमान घनता लागते. पूर्वी ५०० होती, नंतर ६५०. वस्तीतली पात्र माणसं तेवढी भरली नाहीत तर उरलेली घरं बांधून प्राधिकरणाला द्यायची आणि ती प्रकल्पग्रस्तांना जातात. म्हणजे टेलरमामांना, कचरेवाल्या बायकांना या जागेवर घर नव्हतं, पण घरं उरलेली होती. त्यात दुसरीकडून उठवलेली माणसं आली.

ती आली तेव्हा आमच्याच लोकांनी तोंडं वाकडी केली. “बाहेरचे.” आमच्या मजल्यावर एक कुटुंब आलं, त्यांचं घर रस्तारुंदीत गेलेलं. त्यांना आधी माहूलचं घर देत होते. माहूल म्हणजे तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीतली वसाहत. तिथल्या हवेपासून आरोग्याला धोका आहे हे राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्येच मान्य केलं होतं आणि तानसा जलवाहिनीलगतच्या लोकांना तिथं जबरदस्तीनं पाठवता येणार नाही असं उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं. त्या वहिनी माहूल बघून आल्या होत्या. म्हणाल्या, “खिडकी उघडली आणि परत लावली. तेवढंच बघितलं.” इथं आल्यावर त्यांच्या नवऱ्याचं काम गोरेगावात, मुलीची शाळा अंधेरीत. एका वस्तीतून काढलेली माणसं दुसऱ्या वस्तीतून काढलेल्यांच्या जागेवर. या शहरात असा फिरता हिशेब चालतो आणि प्रत्येक ठिकाणी तो ‘पुनर्वसन’ म्हणूनच लिहिला जातो.

विक्रीचा टॉवर पुढं, मोठ्या रस्त्याला तोंड करून. आमची इमारत मागं, नाल्याच्या बाजूला. मध्ये भिंत. मंजूर नकाशात खेळायची मोकळी जागा सगळ्यांसाठी आहे असं मला नकाशा पाहून वाटलं होतं. प्रत्यक्षात ती भिंतीच्या पलीकडं गेली. कारंजं मात्र खरोखर बांधलं, गच्चीवरून दिसतं. त्यांच्या जाहिरातीत पत्ता मुलुंडजवळचा वाटेल असा लिहिलेला, आमच्या इमारतीचा उल्लेख नाही. रिक्षावाल्याला टॉवरचं नाव सांगितलं तर पुढच्या गेटशी सोडतो आणि वॉचमन म्हणतो, “एसआरए? मागून.”

लग्नाच्या बोलण्यात “एसआरएत राहतात” असं कुजबुजून सांगतात. आमच्याकडं पाणी चोवीस तास नसलं तरी नळ घरात आहे, संडास घरात आहे. चाळीतल्या बायकांसाठी हे केवढं आहे ते रांगेत उभी राहिलेलीच सांगू शकेल, आणि ते मी कमी लेखणार नाही. आई पहिल्या दिवशी संडासाचं दार दोनदा उघडून बंद करून आली. पण खालच्या चार मजल्यांवर दुपारी दिवे लावावे लागतात, कारण शेजारची विंग हात लांब केला तर लागेल अशी. मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड, गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहतींमध्ये खालच्या घरांत ऊन-वारा पोचत नाही आणि क्षयरोग तिथं जास्त सापडतो, हे डॉक्टरांच्या अभ्यासातून पुढं आलेलं आहे. आमच्याकडं कुणी मोजायला आलेलं नाही.

आणि मग मेंटेनन्स. चाळीत महिन्याला वीज आणि थोडं पाणी, एवढाच खर्च. इथं लिफ्ट, पंप, सफाई, मिळून हजारावर जातं. बिल्डरनं प्रत्येक घरामागं देखभालीसाठी ठरावीक रक्कम जमा करायची असते, पूर्वी २० हजार, नंतर ४० हजार, आणि तिच्या व्याजावर सोसायटीनं भागवायचं. व्याजात लिफ्टचं वीजबिलसुद्धा निघत नाही. ज्यांची थकबाकी वाढली त्यांची नावं जिन्याजवळ लावतात, पुन्हा एक यादी. दोन वर्षांत तळापासून वरपर्यंत घरं हळूहळू भाड्यानं गेली, काही विकली गेली. विक्रीला दहा वर्षं बंदी होती. नंतर ती पाचवर आणली. पण मुखत्यारपत्रावर काय होत नाही? चाचांनी त्यांचं घर एका नव्या जोडप्याला भाड्यानं दिलं आणि स्वतः मुंब्र्यातच राहिले. परत का आला नाहीत असं विचारलं तर म्हणाले, “मशीद जवळ आहे, गिरणी चालते, नातू शाळेत आहेत. नऊ वर्षांत माणूस रुजतो, बेटा.” भाऊही दिव्यालाच आहे. दिवाळीला चौघं येतात तेव्हा अंथरुणं घालायला जागा पुरत नाही, मग रात्रीच्या गाडीनं परत जातात.

टेलरमामांची गोष्ट अजून चालूच आहे. २०१४ मध्ये सरकारनं तारीख पुढं सरकवून १ जानेवारी २००० केली. मामा नाचत आले, “मी ९८ चा!” पुरवणी परिशिष्ट-दोनसाठी अर्ज केला. दोन पुरावे मागितले: तारखेच्या आधीचा आणि सध्या तिथंच राहत असल्याचा. दुसरा कुठून आणणार, झोपडी तर तोडलेली. तोडली का, तर तेव्हा अपात्र होते म्हणून. नंतर २००० ते २०११ मधल्यांनाही घर मिळायला लागलं, पण पैसे भरून. किंमत अडीच लाख ठरली. तारीख पुढं पुढं येते, दर वेळी त्यात आणखी माणसं बसतात, आणि ती माणसं तोवर विरार, टिटवाळा, कुठल्या कुठं पोचलेली असतात. मामा आता बदलापूरला पडदे शिवतात. कागद माझ्याकडं पाठवतात, मी अर्ज लिहून देते.

आता डोंगराच्या वरच्या अंगाच्या चाळीत सर्वे लागलाय. हल्ली बोटांचे ठसे घेतात, झोपडीचा फोटो काढतात. तिथल्या बायका संध्याकाळी येतात, कारण कुणीतरी सांगितलं की नवव्या मजल्यावरच्या ताईंना माहीत आहे. मी त्यांना सांगते: सर्वेच्या दिवशी घराला कुलूप नको. नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर आत्ताच ताडून बघा, यादी लागल्यावर नव्हे. पोरांचे शाळेचे दाखले शोधा. ज्यांचा मीटर नाही त्यांचे लसीकरणाचे, दवाखान्याचे, जे असतील ते कागद गोळा करा. भाडं किती वर्षांचं आगाऊ देणार ते करारात लिहून घ्या, तोंडी नको. विक्रीची इमारत आधी उठणार नाही असंही लिहून मागा. मिळणार नाही, पण मागा.

परवा त्यांच्या कमिटीचा एक मुलगा आला होता. मी त्याला म्हटलं, माळ्यांवर राहणाऱ्यांची आणि भाडोत्र्यांची एक वेगळी यादी करून सोसायटीच्या दप्तरात ठेव, सर्वेवाला लिहो न लिहो. तो म्हणाला, “पण ताई, त्यांना तर काहीच मिळणार नाही. यादी करून करायचं काय?” मी म्हटलं, तू कर तर. त्यानं मोबाइलमध्ये काहीतरी टिपलं आणि विचारलं, “मग वापर या रकान्यात त्यांच्यापुढं काय लिहू?”